एकाच यंत्राचे दोन धनी

लॅपटॉप कोणता घ्यावा हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेंत येतो असें कोणी म्हटलें, तर पुष्कळांस तें थोडें विनोदी वाटेल. तो प्रश्न दुकानदाराचा, किंवा फार झालें तर कुटुंबाच्या जमाखर्चाचा. त्यांत तत्त्वचिंतनास वाव कोठें आहे, अशी शंका साहजिकच येईल. परंतु नीतीचे प्रश्न रणांगणावर किंवा राजसभेंतच उपस्थित होतात अशी जी समजूत महाकाव्यांच्या वाचनानें आपल्या मनांत रुजलेली असते, ती पुरती खरी नाहीं. मनुष्याची परीक्षा बाजारांतही होते. कशासाठीं किती मोल मोजावयाचें हें ठरवावयाचें झाल्यास आपण कोणत्या गोष्टीस किती मानतों हें आधीं ठरवावें लागतें, आणि तें ठरवितांना स्वतःशीं व घरच्या माणसांशीं खरें बोलण्याचा प्रसंग टाळतां येत नाहीं.

महाविद्यालयांतील प्रवेशांचे दिवस आले म्हणजे आमच्या वऱ्हाडांत हा प्रसंग घरोघरीं येतो. दर्यापूर, अंजनगांव, मूर्तिजापूर, अकोट अशा गांवांहून मुलें अमरावतीस किंवा अकोल्यास शिकावयास येतात. कोणी अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत जातो, कोणी बडनेऱ्यास, कोणी अकोल्याच्या कृषि विद्यापीठांत. बाप शेतकरी असो, शिक्षक असो कीं बँकेंतील कारकून असो, मुलास लॅपटॉप घेऊन देणें हें आतां पुस्तकें घेऊन देण्याइतकेंच आवश्यक झालें आहे. मग अध्यापकांकडे विचारणा सुरू होते. बाप विचारतो, "सर, अभ्यासाला कोणता चांगला?" मुलगा शेजारीं उभा राहून तोच प्रश्न विचारीत असल्याचा आविर्भाव करतो, पण त्याच्या मनांतील प्रश्न निराळा असतो. कोणत्या यंत्रावर आपले खेळ अडखळल्यावांचून चालतील, हें त्यास जाणून घ्यावयाचें असतें. एकच शब्द दोघे वापरतात, आणि दोघांच्या मनांत त्या शब्दाचा अर्थ वेगळा असतो. प्रस्तुत लेखाचा विषय हीच दुफळी होय.

पूर्वींच्या पिढीस ही अडचण नव्हती. पाटी अभ्यासाची आणि विटीदांडू खेळाचा, हें वस्तूकडे पाहूनच समजे. बापानें मुलास क्रिकेटची बॅट घेऊन दिली तर ती खेळासाठीं घेतली हें दोघांसही ठाऊक असे. द्यावयाची नसेल तर तो स्पष्ट नाहीं म्हणे, आणि मुलगा चार दिवस रुसून बसे. व्यवहार सरळ होता. लॅपटॉप ही आपल्या घरांत आलेली अशी वस्तु आहे कीं, तिच्यांत ग्रंथालय, कचेरी, नाट्यगृह आणि क्रीडांगण हीं सर्व एकाच झांकणाखालीं नांदतात. तिचे धनी दोन आहेत. एक अभ्यास व दुसरा खेळ. बापाच्या हातून पहिल्याच्या नांवानें पैसा घ्यावयाचा आणि तो दुसऱ्याच्या पदरांत टाकावयाचा, ही सोय या वस्तूच्या घडणींतच आहे.

तथापि हे दोन धनी अगदींच ओळखूं येत नाहींत असें मात्र नाहीं. यंत्राची रचना थोडी समजून घेतली तर कोणाचा हिस्सा किती, हें बऱ्याच अंशीं सांगतां येतें. प्रत्येक संगणकांत हिशेब करणारा एक मुख्य भाग असतो. लेखन, वाचन, आंकडेमोड, जालावरील शोध हीं कामें तोच करतो, आणि आजचा साधारण प्रतीचा भागही त्यांस पुरून उरतो. खेळाची गोष्ट वेगळी आहे. त्यांत पडद्यावरील लक्षावधि बिंदूंचे रंग सेकंदास साठ वेळां किंवा त्याहूनही अधिक वेळां नव्यानें ठरवावे लागतात. त्यासाठीं एकाच वेळीं हजारों लहान लहान गणितें करणारा एक स्वतंत्र भाग लागतो. यास बाजारांत ग्राफिक्स कार्ड म्हणतात. यंत्राची किंमत, वजन, उष्णता आणि विजेची भूक हीं चारही मुख्यतः या भागामुळें वाढतात.

आतां हा भाग अभ्यासास मुळींच लागत नाहीं काय? कांहींस लागतो. यंत्रांचे किंवा इमारतींचे त्रिमिति आराखडे करणाऱ्या विद्यार्थ्यास त्याचें साहाय्य होतें. चलच्चित्रांचें संपादन शिकणाऱ्यासही होतें. यंत्रांस शिकविण्याची जी नवी विद्या निघाली आहे तिच्यांतही हाच भाग राबतो. परंतु पदवीच्या वर्गांतील तिचे बहुतेक पाठ गूगल कोलॅबसारख्या दूरच्या संगणकांवर मोबदल्यावांचून करतां येतात. उलट वाणिज्य, साहित्य, विधि, मूलभूत विज्ञानें आणि संगणकशास्त्राचीं पहिलीं दोन वर्षें यांस या भागाची गरज नसते. म्हणून "अभ्यासाला लागतो" हें विधान खरें कीं खोटें, हें तपासून पाहतां येतें. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी जेव्हां सहा जीबींच्या ग्राफिक्स कार्डाचा आग्रह धरतो आणि कारण म्हणून अभ्यास पुढें करतो, तेव्हां तो असत्य बोलत असतो. मग तें कितीही निरागस असो.

या असत्याचा सर्व दोष मुलाच्या माथीं मारणें मला न्यायाचें वाटत नाहीं. तें असत्य बोलण्याची पाळी त्याच्यावर कां येते? आपण त्यास लहानपणापासून एकच धडा देत आलों आहों कीं, अभ्यासासाठीं मागितलेला पैसा मिळतो आणि खेळासाठीं मागितलेला पैसा बोलणीं खाऊन परत जातो. ज्या बाजारांत एकच नाणें चालतें तेथें माणूस प्रत्येक वस्तु त्याच नाण्यानें विकत घेऊं पाहतो. पुष्कळ बापांस मुलाचा बेत मनांतून कळतही असतो. पण नातेवाइकांत "मुलाच्या शिक्षणासाठीं ऐंशी हजारांचें यंत्र घेतलें" असें सांगतां येतें, "मुलाच्या खेळासाठीं घेतलें" असें सांगतां येत नाहीं, म्हणून तेही डोळे मिटून घेतात. अशा रीतीनें एका खोट्या शब्दाच्या आडोशास दोघेही सुखानें बसतात. तो आडोसा पहिल्या सत्राच्या निकालाच्या दिवशीं कोसळतो. मग बाप म्हणतो, "अभ्यासाला घेऊन दिला होता ना?" आणि मुलापाशीं उत्तर नसतें; कारण जें वचन त्यानें मोडलें असें म्हटलें जातें, तें पाळण्याचा त्याचा मूळचाच विचार नव्हता.

येथें मुख्य प्रश्नास हात घालावा लागतो. खेळ ही गोष्ट मोल देऊन घेण्याच्या योग्यतेची आहे काय? इंग्रजी नीतिशास्त्राच्या अभ्यासकांस बेंथॅम आणि मिल यांचा वाद ठाऊक आहेच. सुखाचें परिमाण सारखें असेल तर पोरांचा टांचण्यांचा खेळ आणि काव्य यांत उच्चनीचभाव नाहीं, असें बेंथॅमचें मत. मिलनें तें मानलें नाहीं. सुखांत प्रतीचाही भेद असतो, आणि कोणतें सुख श्रेष्ठ हें ज्यांनीं दोन्ही अनुभविलीं आहेत त्यांनींच सांगावें, असा त्यानें निकष घातला. हा निकष आपल्या प्रश्नास लावला म्हणजे एक मौज दिसून येते. अठरा वर्षांच्या मुलास खेळाचें सुख ठाऊक आहे, पण एखादें कठीण शास्त्र आत्मसात झाल्यावर होणारा आनंद त्यानें बहुधा चाखलेला नसतो. म्हणून त्याचा कौल ग्राह्य नाहीं. पण त्याच्या बापानें तरी तो खेळ कधीं खेळून पाहिला आहे? चार मित्र चार गांवीं बसून एकमेकांशीं बोलत एक डाव रचतात, त्यांतील कौशल्य, धांदल, मैत्री आणि हरल्यावर पुन्हां मांडलेला बेत यांची बापास कल्पना नसते. मिलच्या न्यायासनापुढें दोन्ही साक्षीदार सारखेच अपात्र ठरतात. तेव्हां एकानें दुसऱ्याच्या सुखास क्षुद्र म्हणण्याची घाई करूं नये, इतका बोध तरी यांतून घ्यावा.

अरिस्टॉटलनें खेळास विश्रांतीच्या सदरांत घातलें. मनुष्य सतत श्रम करूं शकत नाहीं म्हणून त्यानें खेळावें. खेळण्यासाठीं श्रम करणें मात्र पोरकटपणाचें, असा त्याचा अभिप्राय. फावल्या वेळास तो खेळाहून निराळा आणि फार वरचा मानी. इंग्रजी 'स्कूल' हा शब्दही ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा अर्थ फावला वेळच आहे. उलट १९३८ सालीं डच इतिहासकार हौझिंगा यानें संस्कृतीचा बराचसा भाग खेळांतूनच उगवतो असें प्रतिपादन केलें. या दोन मतांत निवड करण्यासाठीं आम्हां अमरावतीकरांस ग्रीसला किंवा हॉलंडला जाण्याची आवश्यकता नाहीं. १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं येथें जो आखाडा काढला, त्याचें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं त्याच्या चमूनें आपले देशी खेळ जगास दाखविले. आणि आज त्याच मंडळाच्या छत्राखालीं अभियांत्रिकीचें महाविद्यालयही चालतें. खेळ आणि विद्या एका आवारांत नांदूं शकतात हें ज्या शहरानें शंभर वर्षें पाहिलें, त्यानें खेळास केवळ वेळेचा नाश म्हणणें शोभत नाहीं. नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें २०२५ सालीं बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हां साऱ्या विदर्भास अभिमान वाटला. तिच्या बालपणींच्या तासांस त्या दिवशीं कोणी उनाडकी म्हटलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, आखाड्यांत शरीर कमावतें, बुद्धिबळानें बुद्धि तीक्ष्ण होते. पडद्यावरील गोळीबारानें काय साधतें? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पण खेळाचें समर्थन नेहमीं त्याच्या उपयोगानेंच झालें पाहिजे असा हट्ट धरला, तर पुन्हां मुलास तेंच जुनें असत्य शिकविल्यासारखें होईल. मग तो सांगूं लागेल कीं, २०२३ सालीं हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळांस पदकें होतीं, मीही उद्यां पदक आणीन. लाखांत एखादा आणीलही. बाकीच्यांच्या तोंडीं ती सबबच होय. खेळाचें खरें समर्थन एवढेंच कीं, त्यानें आनंद होतो, आणि मर्यादेंतील आनंदास मनुष्य पात्र आहे.

मर्यादा कोठें संपते, हेंही सांगितलें पाहिजे. पहिली मर्यादा जुगाराची. पैसा लावून खेळला जाणारा डाव हा खेळाच्या वेषांतील दुसराच व्यवहार आहे. संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें केलेल्या कायद्यानें ऑनलाइन पैशाच्या खेळांस मनाई केली आणि ई-स्पोर्ट्स वेगळे काढून त्यांस मान्यता दिली, हा भेद विवेकाचाच आहे. आमच्या भूमीस तो नवा नाहीं. ऋद्धिपूर आपल्याच जिल्ह्यांत. महानुभावांच्या लीळाचरित्रांत श्रीचक्रधरांच्या पूर्वचरित्राचा जो भाग आहे, त्यांत द्यूतांत हरलेलें द्रव्य देण्यासाठीं पत्नीजवळ अलंकार मागण्याचा आणि तिनें ते नाकारल्याचा प्रसंग येतो. डाव एकाचा, आणि अलंकार दुसऱ्याचे. हा द्यूताचा स्वभाव सातशें वर्षांपूर्वींच्या गद्यांतही तितकाच स्पष्ट आहे. दुसरी मर्यादा व्यसनाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची जी अकरावी आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली, तिच्यांत खेळाच्या विकारास स्थान मिळालें. त्याचीं लक्षणें तीन: खेळावरील ताबा सुटणें, इतर गोष्टींपेक्षां खेळास अधिकाधिक अग्रस्थान मिळणें, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणें, तेंही साधारणतः वर्षभर. या व्याख्येंत तासांची मोजणी नाहीं, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें. दोन तास खेळणारा गुलाम असूं शकतो, आणि रविवारीं पांच तास खेळणारा मोकळा असूं शकतो. खेळ मिटून जेवावयास उठतां येतें कीं नाहीं, ही साधी कसोटी घड्याळाहून अधिक विश्वासार्ह आहे.

खेळ निंद्य नाहीं असें ठरलें म्हणजे तो वाटेल त्या किंमतीस घ्यावा असें मात्र ठरत नाहीं. येथें पैशाचा विचार येतो, आणि हाच भाग मला सर्वांत गंभीर वाटतो. २०२५-२६ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. खेळास योग्य असें ऐंशी हजारांचें यंत्र म्हणजे जवळजवळ दहा क्विंटल कापूस. आणि तोही बियाणें, फवारणी व वेचणी यांचा खर्च वजा न करतां. ज्यानें जुलैच्या उघडिपींत आभाळाकडे पाहत दिवस काढले आहेत, त्यास दहा क्विंटल म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. मुलास मात्र तें सांगावें लागतें, कारण दुकानांतील पाटीवर रुपये लिहिलेले असतात, क्विंटल लिहिलेले नसतात. आणि बिनव्याजी हप्त्यांच्या सोयीमुळें तर तेही महिन्यामहिन्यांत वांटले जाऊन डोळ्यांआड होतात.

शिवाय घरचा पैसा एकट्याचा नसतो. ज्या घरांत मुलासाठीं असें यंत्र येतें, त्याच घरांत पुष्कळदां त्याची बहीण बारावीचा अभ्यास आईच्या फोनवर करीत असते, आणि आई स्वयंपाकघरांतून हांक मारील तेव्हां तिला तो परत द्यावा लागतो. भावाच्या खेळासाठीं जे तीस-पस्तीस हजार अधिक गेले, त्यांत तिचें साधें यंत्र जवळजवळ आलें असतें. तिनें तें मागितलें नाहीं, एवढ्यावरून तिला तें नको होतें असें सिद्ध होत नाहीं. मागण्याची संवय आपण घरांत कोणास लावतों आणि कोणास लावीत नाहीं, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. लॅपटॉपच्या निवडींत न्यायाचा प्रश्न कोठें आहे असें जे विचारतात, त्यांनीं प्रथम या मुलीकडे पाहावें.

मग करावें काय? माझी सूचना साधी आहे. खरेदीपूर्वीं बाप, आई, मुलगा आणि घरांतील इतर मुलें यांनीं एका कागदावर दोन रकमा लिहाव्या. पहिली, केवळ अभ्यासासाठीं लागणाऱ्या यंत्राची. दुसरी, मुलास हव्या असलेल्या यंत्राची. पहिली पंचेचाळीस हजार आणि दुसरी ऐंशी हजार असेल, तर मधले पस्तीस हजार ही खेळाची किंमत होय. म्हणजे सुमारें सव्वाचार क्विंटल. त्या रकमेस तिच्या खऱ्या नांवानें हांक मारावी, आणि मग तिचा निर्णय करावा. घरची स्थिति चांगली असेल तर बापानें ती प्रेमाची देणगी म्हणून द्यावी, आणि एकदां दिल्यावर तिचा टोमणा मारूं नये. स्थिति मध्यम असेल तर मुलानें ती स्वतः, सुटींतील कामानें किंवा शिष्यवृत्तींतून, सर्व नाहीं तरी कांहीं अंशीं भरावी. स्थिति तशी नसेल तर बापानें नाहीं म्हणावें आणि मुलानें तें ऐकावें. या तिन्ही वाटा सन्मानाच्या आहेत. सव्वाचार क्विंटल अभ्यासाच्या खातीं लपवावयाचे, ही चौथी वाट तेवढी सोडावी.

रकमेचा निर्णय झाल्यावर यंत्राची निवड फारशी कठीण राहत नाहीं. सोळा जीबी स्मृति आणि पांचशें बारा जीबींची एसएसडी यांहून कमी घेऊं नये. पुढें वाढवितां येईल अशी सोय असल्यास उत्तम. ग्राफिक्स कार्डाच्या नांवावर भुलूं नये. एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४०५० या एकाच नांवाचा भाग पस्तीस वॅटांपासून एकशेंपंधरा वॅटांपर्यंत निरनिराळ्या शक्तीनें चालविलेला आढळतो, आणि नांव तेंच असूनही काम तेंच होत नाहीं. आमच्या प्रांतास एक विशेष गोष्ट लागू आहे. बहुतेक कारखानदार आपलें यंत्र पस्तीस अंशांपर्यंतच्या उष्णतेंत वापरावें असें सांगतात. अकोल्याचा मे महिना पंचेचाळिसाच्या वर जातो, आणि पत्र्याच्या छपराखालील भाड्याच्या खोलींत काय होतें तें विचारूं नये. पातळ आणि शोभिवंत देहांत बलाढ्य कार्ड कोंबलेलें यंत्र तेथें धापा टाकूं लागतें. म्हणून मध्यम कार्ड आणि मोकळी हवा खेळविणारी रचना, ही जोडी वऱ्हाडांत अधिक टिकाऊ. खेळाच्या यंत्राचें वजन सव्वादोन किलोंच्या आसपास असतें, त्याचा चार्जर वेगळाच. त्याची बॅटरीही लौकर उतरते. ज्यास रोज एस.टी.नें येणें-जाणें आहे त्यानें याचा विचार करावा. दुरुस्तीचें केंद्र अमरावतीस कीं अकोल्यास आहे, कीं प्रत्येक वेळीं नागपूर गांठावें लागेल, हेंही आधींच पाहावें. आणि अभ्यासक्रमास काय लागतें हें अद्याप स्पष्ट नसेल तर एक सत्र थांबावें; तोंवर महाविद्यालयाची प्रयोगशाळा उपयोगीं पडते.

यावर एक आक्षेप उरतो. अठराव्या वर्षीं मुलगा कायद्यानें सज्ञान होतो. मग त्याच्या खेळाची अशी झडती घेणें हा त्याच्या स्वातंत्र्याचा उपमर्द नव्हे काय? मला तसें वाटत नाहीं. त्यानें कोणता खेळ खेळावा, कोणाबरोबर खेळावा, यांत कोणी ढवळाढवळ करावी असें मी सुचवीत नाहीं. परंतु दुसऱ्याच्या श्रमाचा पैसा मागतांना तो कशासाठीं मागतों हें खरें सांगणें, ही स्वातंत्र्याची अटच आहे. "बाबा, अभ्यासाला साधा पुरेल, पण मला खेळायचं आहे, त्याचे इतके जास्त लागतील," एवढें वाक्य जो मुलगा बापाच्या डोळ्यास डोळा देऊन बोलूं शकतो, तो सज्ञान झाला असें मी म्हणेन. आणि तें वाक्य ऐकून न संतापतां ज्यास हिशेबाचा कागद पुढें ओढतां येतो, तो बापही. त्यानंतर घरांत कोणतें यंत्र येतें, किंवा येत नाहीं, यास मी फारसें महत्त्व देत नाहीं. त्या यंत्रापुढें बसलेला मुलगा कोणी खोलींत आल्यास पडदा झांकणार नाहीं, हें मला अधिक महत्त्वाचें वाटतें.